दिसू नये असा लेप

मनुष्याने आजवर जे नाना जिन्नस निर्माण केले, त्यांतील बहुतेकांची किंमत ते दिसतात, चाखता येतात किंवा निदान शेजाऱ्यांच्या कानी पडतात म्हणून मोजली जाते, परंतु लाकडी कोरीवकामावर चढविण्याचा पारदर्शक लेप हा बहुधा एकमेव पदार्थ असा असावा, की जो खरीदताना गिऱ्हाईक दुकानदाराला "लावल्यावर दिसणार तर नाही ना?" असे पुनःपुन्हा खोदून विचारते, आणि न दिसण्याची हमी जितकी ठाम मिळेल तितक्या आनंदाने पैसे मोजून देते. तांबड्या रंगाचा डबा घेणाऱ्याचे एक बरे असते. रंग तांबडा आला की व्यवहार पुरा झाला. पारदर्शक लेप घेणाऱ्याच्या अपेक्षांना मात्र अंत नाही. लाकूड उजळले पाहिजे पण चकाकता कामा नये, पाणी आत शिरता कामा नये पण लाकडाचा श्वास कोंडता कामा नये, बोटाला लाकूडच लागले पाहिजे पण बोटाचा डाग लाकडाला लागता कामा नये. इतक्या अटी घालून संस्थानिकांनी दिवाणसुद्धा नेमले नसतील.

ही मसलत कोठेही अवघडच. परंतु न्हावा शेव्याच्या हवेत ती विशेष बिकट होते. न्हावा हे गाव पनवेल तालुक्यातले आणि शेवा उरण तालुक्यातले; या दोन गावांची नावे एकत्र बांधून १९८९ च्या मे महिन्यात येथे जे बंदर सुरू झाले, त्याने महसूल खात्याच्या सीमारेषेला न जुमानता दोहोंना एकच पत्ता बहाल केला. समोर खाडीत घारापुरी, डोक्यावर क्रेनांचे सांगाडे, आणि २०२४ च्या जानेवारीपासून शिवडीहून समुद्र ओलांडून येणारा सुमारे बावीस किलोमीटर लांबीचा अटल सेतू, अशा थाटात हे स्थळ विराजमान असले, तरी लाकडाच्या दृष्टीने पाहता येथे केवळ तीन ऋतू आहेत: खारा, दमट, आणि ट्रेलरांनी उडविलेल्या धुळीचा. शिवाय येथे लाकूड पाहण्याची सवय असते ती मालाखालच्या फळकुटांच्या रूपात. त्या लाकडाला लेप नसतो, शिक्का असतो. गव्हाच्या लोंबीचे चित्र, देशाची आद्याक्षरे आणि 'एच.टी.' ही दोन अक्षरे. त्यांचा अर्थ असा, की सदरहू लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसची ऊब सलग ३० मिनिटे पोहोचविण्यात आली असून आत कोणताही परदेशी किडा हयात नाही. जन्मभर असे दाखलेबाज लाकूड पाहिलेल्या माणसापुढे जेव्हा एखादी कोरी, शिक्क्याविना, केवळ सुंदर अशी मूर्ती येऊन उभी राहते, तेव्हा त्याची मती गुंग झाल्यास नवल नाही.

आमच्या वसाहतीतील निकासीवाले काका यांची अशीच अवस्था झाली. काकांचे अवघे आयुष्य कस्टममधून माल सोडवून घेण्याच्या कागदपत्रांत गेले. त्यांच्या मते सृष्टीचे वर्गीकरण ब्रह्मदेवाने केलेले नसून सीमाशुल्काच्या दरसूचीने केलेले आहे, आणि ज्या वस्तूस शीर्षकाचा क्रमांक नाही ती वस्तू माया होय. सावंतवाडीकडून त्यांनी फणसाच्या लाकडात कोरलेला हातभर उंचीचा विठ्ठल आणला. कारागिराने त्यास रंग देऊ केला होता, कारण त्या गावात लाखेच्या रंगांत लाकूड नटविण्याची परंपरा जुनी. परंतु काका म्हणाले, "मला लाकूड दिसलं पाहिजे," आणि मूर्ती तशीच कोरी घेऊन आले. येथवर त्यांचे काहीच चुकले नव्हते. पण पुढच्याच रविवारी त्यांनी वसाहतीतल्या जाणत्यांना चहाला बोलावले आणि लेप कोणता लावावा असा प्रश्न मांडला. एखाद्या गोष्टीची निष्पत्ती लांबवायची असेल तर आपल्याकडे ती चार सुज्ञांपुढे ठेवावी, हा उपाय सहसा फसत नाही.

काकांची स्वतःची तयारी जय्यत होती. त्यांनी कागदावर टिपणच केले होते: मूर्ती, शीर्षक ४४२०, लाख, १३०१, जवसाचे तेल, १५१५, मधमाश्यांचे मेण, १५२१, टर्पेंटाइन, ३८०५, स्पिरिट, २२०७, काचकागद, ६८०५, आणि पी.यू. व तत्सम कृत्रिम वॉर्निशे, ३२०८. हे वाचून दाखवून झाल्यावर, आता निर्णयास काय उरले, अशा मुद्रेने त्यांनी सभोवार पाहिले.

प्रथम बोलल्या त्या काकांच्या मातोश्री. त्यांच्या मते प्रश्नच उद्भवत नव्हता. "खोबरेल लाव. आमच्या माहेरच्या देव्हाऱ्याला जन्मभर खोबरेलच लावलं." त्यावर कोणी तरी भीत भीत निदर्शनास आणले, की खोबरेल हे न वाळणारे तेल; ते लाकडावर जन्मभर ओलेच राहते, उदबत्तीची काजळी आणि बंदराची धूळ यांस आश्रय देते, आणि कालांतराने त्याला खवट वास सुटतो. जवसाचे तेल मात्र हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते व त्याचा चिवट पापुद्रा बनतो. मातोश्रींनी शांतपणे ऐकून घेतले आणि दुसराच मुद्दा काढला: "आणि पांडुरंग पिवळा कधी पाहिलास? त्याला आधी काळा कर, मग काय लावायचं ते लाव." हा घाव वर्मी होता. फणसाचे लाकूड ताजे असताना हळदीच्या रंगाचे असते, आणि पिवळा विठोबा पाहून वसाहतीतील एका भाविक भगिनीने त्यास खंडोबा समजून नमस्कार केला होता, ही गोष्ट सर्वश्रुत होती. परंतु याच लाकडाचा एक स्वभाव असा, की उजेड आणि वय यांच्या योगे ते आपोआप सोनेरी, पुढे तपकिरी होत जाते. तेव्हा देवाला सावळा होण्यास चाळीस-पन्नास वर्षांची मुदत द्यावी, असा तोडगा निघाला. मातोश्रींचे वय ऐंशीच्या पुढे असल्यामुळे त्यांना तो रुचला नाही, पण नाइलाजाने त्यांनी तो मान्य केला.

यानंतर पॉलिशवाला मिस्त्री. त्याने मूर्ती हातात घेतली, नखाने टोचली, आणि एकच वाक्य उच्चारले: "साहेब, पी.यू. मारते है, शीशा बना देंगे." मुंबई आणि तिच्या पंचक्रोशीत गेली काही दशके लाकडाचे हेच अंतिम ध्येय मानले जाते. दार असो, पलंग असो, की परमेश्वर असो, त्यात आपले तोंड दिसले पाहिजे. मला या चकाकीचे वावडे आहे, हे येथे स्पष्टच नमूद करतो, आणि त्यास कारण आहे. सपाट मेजाला चकाकी एक वेळ शोभते, कारण त्याला सांगण्यासारखे दुसरे काही नसते. कोरीवकामाचे सर्वस्व मात्र छायेत असते: खोल गेलेली रेघ काळोखी, उचललेली कड उजळ, आणि त्या दोहोंच्या मधल्या उतारावर हळूहळू विरत जाणारा प्रकाश. चकचकीत लेप चढला की प्रत्येक उंचवट्यावर खिडकीचे एकेक पांढरे प्रतिबिंब जाऊन बसते, आणि पाहणाऱ्यास विठ्ठलाच्या मुद्रेऐवजी समोरच्या इमारतीचे गज दिसू लागतात. त्यातून लेप जाड असला तर तो खाचांत ओघळून साचतो. कानातली मकरकुंडले, कमरेवरच्या हातांची बोटे, उरावरची माळ हे सारे लाडू बांधताना पाक जास्त झाल्यावर दिसते तसे एकजीव दिसू लागते. कारागिराने पटाशीने जे महिनाभरात उकरले, ते ब्रशाने अर्ध्या तासात बुजविता येते.

मिस्त्रीने आणखी एक प्रस्ताव मांडला, की आधी काचकागदाने सर्व गुळगुळीत करून घ्यावे. त्यास मी आयुष्यात प्रथमच मोठ्या आवाजात विरोध केला. पटाशीची धार लाकडातून स्वच्छ फिरते तेव्हा मागे जो बारीक, तेजस्वी पैलू राहतो, तो कोणत्याही काचकागदाला आणता येत नाही. काचकागद त्या पैलूच्या कडा खाऊन टाकतो आणि पृष्ठभागाचे तंतू पिंजून ठेवतो. कारागिराच्या हाताची सही पुसून तिच्यावर पारदर्शक लेप लावणे म्हणजे नेमके काय दिसावे म्हणून पारदर्शक, असा माझा सवाल होता. मिस्त्रीने त्याचे उत्तर दिले नाही. त्याने पाच हजारांचा आकडा सांगितला.

पी.यू.ची एक मौजेची खोड येथे सांगण्याजोगी आहे. दोन डब्यांतून येणाऱ्या या लेपातला एक घटक पाण्याशी, म्हणजे हवेतल्या दमटपणाशीही, लगट करतो, आणि त्यांच्या संयोगातून कर्बवायू निघतो. तो वायू अर्धवट वाळलेल्या लेपात अडकून बारीक बुडबुडे उठतात. आषाढातल्या न्हावा शेव्यात, जेथे वाळत घातलेला टॉवेल सकाळपेक्षा संध्याकाळी अधिक ओला असतो, तेथे हा लेप लावल्यास विठ्ठलाच्या अंगावर घामोळे उठल्याचा भास होण्याची शक्यता नाकारता येत नाही.

हनुमान कोळीवाड्यातील एक वृद्ध गृहस्थ, काकांचे जुने परिचित, हेही त्या सभेस हजर होते. बंदराकरिता शेव्याचा मूळ कोळीवाडा उठला आणि त्या लोकांना जेथे नेऊन वसविले, तेथल्या घरांचे वासे वाळवीने खाल्ले; तेव्हा लाकूड टिकविण्याच्या विषयात या मंडळींइतका कडू अधिकार दुसऱ्या कोणास नसेल. पारदर्शक लेपाने वाळवी थांबत नाही, ती लेपाकडे पाहतच नाही, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकले. फणसाच्या गाभ्याला मात्र ती सहसा तोंड लावत नाही, एवढा दिलासा दिला. मग त्यांना होड्यांची आठवण झाली. पूर्वी होडीच्या अंगाला मुशीच्या यकृताचे तेल चोपडीत, राळ लावीत, काजूच्या टरफलांचे काळे तेलही वापरीत; आणि लाकूड खाऱ्या पाण्यात पिढ्या काढी. "लाकराला त्याल पायजे," ते म्हणाले, "पन दर साली पायजे. एकदा लावून इसरला, त ग्येला." त्या सबंध सायंकाळी बोलले गेलेले सर्वांत शहाणपणाचे वाक्य हेच होते, पण मुशीचे तेल हे शब्द कानी पडताच, एकादशी करणाऱ्या देवाच्या अंगी मासळीचे तेल जाणार या कल्पनेने मातोश्री उठून आत गेल्या, आणि दर सालाचा मुद्दा तसाच मागे राहिला.

आता आमच्यातील एका संस्कृतज्ञाने वराहमिहिर काढला. सहाव्या शतकातील या पंडिताने बृहत्संहितेत वज्रलेपाचे एक प्रकरणच लिहिले आहे. कच्ची टेंभुर्णी, कच्चे कवठ, सावरीची फुले इत्यादी द्रव्ये पाण्यात उकळून त्याचा अष्टमांश काढा उरवावा, त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल वगैरे वाटून मिसळावे, आणि हा लेप ऊन ऊन असतानाच प्रासाद, प्रतिमा, भिंती व विहिरी यांवर द्यावा. टिकण्याची मुदत? हजार गुणिले दहा हजार, म्हणजे एक कोटी वर्षे! रंगाच्या कारखानदारांनी आपल्या डब्यांवर दहा वर्षांची हमी छापून खाली बारीक टायपात तिच्या सुटकेच्या वाटा छापाव्यात, आणि आमच्या ग्रंथकाराने एक कोटी वर्षांचा करार बिनशर्त लिहून द्यावा, हे ऐकून काकांचा ऊर भरून आला. परंतु अडचण व्यावहारिक निघाली. काढ्याला शीर्षक सापडेना. शिवाय पंढरपूरच्या मूर्तीलाही वज्रलेप करण्याचा प्रसंग येतो, २०२० साली टाळेबंदीच्या दिवसांतही तो आला होता, तेव्हा एक कोटी वर्षांच्या हमीचे काय झाले, असे एका नास्तिक तरुणाने विचारले, आणि त्याला दुसरा कप चहा मिळाला नाही.

होता होता गाडी लाखेवर आली, कारण बाकी सर्व मार्ग बंद झाले होते. लाखेचा लौकिक आपल्याकडे थोडा कलंकित आहे. वारणावतात पुरोचनाने पांडवांसाठी जे घर उभारले, त्यात लाख, तूप, राळ असे ज्वालाग्राही पदार्थ सढळ हाताने भरले होते. सरकारी कंत्राटात मालमसाला ठरल्याबरहुकूम वापरला गेल्याचे ते पहिलेच आणि कदाचित शेवटचे उदाहरण. वास्तविक वाळलेल्या लाखेच्या पातळ लेपापेक्षा जवसाच्या तेलात भिजलेली चिंधीच अधिक घातकी: ती चुरगळून कोपऱ्यात टाकली तर तेल प्राणवायू घेता घेता तापते आणि चिंधी आपली आपण पेट घेते, काडी ओढावी लागत नाही. म्हणून अशी चिंधी उलगडून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी. विदुराला हे ठाऊक असते तर त्याने त्याचाही सांकेतिक भाषेत इशारा दिला असता.

पण लाखेवर खरा आक्षेप आला तो सोवळ्याचा. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर असंख्य बारीक किडे रस शोषून बसतात आणि आपल्या अंगाभोवती जे राळेसारखे कवच स्रवतात, तीच लाख. ही माहिती पुरविण्याची बुद्धी कोणास झाली कोण जाणे. मातोश्री पुन्हा बाहेर आल्या. किड्याच्या अंगचा पदार्थ देवाला? येथे काकांनी आपली सारी हयात ज्या कौशल्यात घालविली त्याचा साक्षात्कार घडविला. ते म्हणाले, "आई, तू पूजेला नेसतेस तो मुकटा रेशमाचा. रेशीम कुणाच्या अंगचं? आणि पंचामृतात मध घालतेस तो कुणाच्या तोंडचा?" मातोश्री क्षणभर स्तब्ध झाल्या आणि मग त्यांनी लाख व मेण हे दोन्ही माल, जणू शिक्का मारून, आत येऊ दिले. एवढ्या थोड्या युक्तिवादात कोणताही माल आजवर या बंदरातून सुटला नसेल.

पदार्थ ठरला, मुहूर्त राहिला. आषाढी समोर होती आणि मूर्तीची प्रतिष्ठापना त्याच दिवशी व्हावी अशी सर्वांची इच्छा. पण लाख विरघळविण्यास वापरलेले स्पिरिट झपाट्याने उडते, उडताना पृष्ठभाग गार करते, आणि दमट हवेतली वाफ त्या गार पृष्ठभागावर दव होऊन बसते. लेप त्या दवाला पोटात घेऊन दुधाळ होतो. पारदर्शक लेपासाठी आपण एवढी यातायात करावी आणि लाकडावर ताकाचा पडदा यावा, यापरता विपर्यास नाही. तेव्हा देव कोराच बसवावा आणि लेप दसऱ्यानंतर, कोरडे वारे सुटल्यावर लावावा, असे ठरले. मधल्या काळात लाकडाचे काय, या चिंतेने ग्रासलेल्या काकांना मी बोरघाट चढून कार्ल्यास जाण्याचा सल्ला दिला. तेथल्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत. त्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मूळच्या आहेत, आणि त्यांना पी.यू. मारल्याची नोंद नाही. ऊन नाही, पाऊस नाही, डोक्यावर सबंध डोंगर. लाकडाला हवा असतो तो आडोसा. लेप पाण्याच्या वाफेची ये-जा सावकाश करतो, थांबवीत नाही. लाकूड पावसाळ्यात फुगायचे ते फुगतेच. काकांनी त्याच दिवशी मूर्ती खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीशी नेली, आणि माझ्या मते निम्मे काम तेथेच झाले.

कार्तिकात प्रत्यक्ष कार्यास आरंभ झाला तो ब्रशावरून अडला. रंगाच्या दुकानातला नेहमीचा ब्रश डुकराच्या केसांचा निघाला; त्याचे नावही पुन्हा घेऊ नये असे ठरले. चित्रकारांचा मऊ ब्रश खारीच्या केसांचा; पण प्रभू रामचंद्रांनी जिच्या पाठीवरून बोटे फिरविली तिचे केस उपटून आणलेला ब्रश विष्णूच्याच दुसऱ्या अवताराला कसा चालावा? अखेर नायलॉनचा ब्रश पसंत पडला, कारण ते कोणाचेच केस नव्हेत. पुढचे काम मात्र सुरळीत पार पडले. लिटरभर स्पिरिटला सव्वाशे ग्रॅम चपडा लाख, रात्रभर झाकून भिजलेली, सकाळी मलमलीतून गाळलेली. चुलीजवळ नेली नाही. पाण्याइतके पातळ ते द्रावण, ब्रश निथळून, हात एकाच दिशेने, परत न फिरविता. पायाशी व डोक्यावर जेथे लाकडाचे तंतू उभे तोडले गेलेले असतात, तेथे लाकूड अधाशासारखे पिते, म्हणून तेथे एक हात अधिक. दोन हात झाल्यावर काकांचा हात तिसऱ्यासाठी शिवशिवू लागला. त्यांना बळेच खुर्चीवर बसविले. मग टर्पेंटाइनमध्ये विरघळविलेले मेण, खाचांसाठी उदबत्तीच्या काडीला गुंडाळलेला कापूस, आणि चोळण्यासाठी काकांच्या वडिलांच्या जुन्या धोतराचा तुकडा. नव्या बुटाच्या ब्रशाची सूचना मिस्त्रीची होती. ती नोंदवून घेण्यात आली नाही.

आता उरला लेप. हातभर मूर्तीला लागला वाटीभर, आणि डबा तर लिटरभराचा. पदार्थ पदरी पडून राहिला म्हणून सामान्य माणूस अस्वस्थ होत नाही. परंतु स्पिरिटमधली लाख काही महिन्यांनी बिघडते, मग लावली तर नीट वाळत नाही, चिकट राहते, ही वार्ता काकांना कळली आणि ज्याने हयातभर मुदतीपलीकडे पडून राहिलेल्या मालावर चढणारे डेमरेज मोजले त्याची झोप उडाली. त्यांनी प्रथम स्वतःच्या घरचा झोपाळा उरकला, मग देव्हारा, मग कॅरमच्या कडा. पुढे वसाहतीचा सूचनाफलक, टपालाच्या पेट्या आणि पहारेकऱ्याची काठी ही क्रमाने लेपांकित झाली. लाख औषधाच्या गोळ्यांवरही चढवितात, तेव्हा पोटात गेली तरी बाधत नाही, असे ते आता जिन्यात भेटेल त्याला सांगू लागले होते, आणि त्या बोलण्याचा रोख स्वयंपाकघराकडे वळत आहे हे जाणत्या गृहिणींच्या ध्यानी येऊन चुकले होते. एका सायंकाळी काका डबा आणि नायलॉनचा ब्रश घेऊन आमच्या दारात उभे राहिले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी आधी पोळपाट-लाटणे कपाटात घालून कुलूप लावले, आणि मग त्यांच्यासाठी चहाचे आधण ठेवले.